पावसातल्या शर्यतींनी काय शिकवलं

कुंडल म्हटलं की लोकांना प्रतिसरकार आठवतं, क्रांतिअग्रणी जी. डी. बापू लाड आठवतात, कुस्तीचं मैदान आठवतं. मोटरसायकलच्या शर्यतीसाठी आमचं गाव आठवावं असं काही घडलेलं नाही. तरी कुंडल-पलूस पट्ट्यातली आम्ही मूठभर माणसं गेली काही वर्षं एक गाडी पिकअपमध्ये बांधून पुणे, नाशिक, कोल्हापूर आणि कधी थेट चेन्नई गाठतो. टीममध्ये दोन रायडर आहेत, एक द्राक्षबागायतदार अण्णा, किर्लोस्करवाडीच्या कारखान्यातून निवृत्त झालेले टर्नर तात्या, गॅरेजमधलं एक पोरगं आणि मी. मी शर्यतीत गाडी चालवत नाही. पिकअप चालवतो, लॅपच्या वेळा टिपतो आणि वही सांभाळतो. त्या वहीतली जी पानं ओली होऊन सुकली आहेत, त्यांच्यावरूनच हे लिहितोय.

१. पावसात चांगला रायडर वेगळाच निघतो. याचं नवल अजून संपलेलं नाही. आमच्या दोन रायडरांतला थोरला कोरड्या ट्रॅकवर सरस. वळणात उशिरा ब्रेक मारणार, उडीवरून सरळ उतरणार, त्याला बघायला मजा येते. धाकटा कोरड्यात कायम मधल्या घोळक्यात असतो. पण पाऊस लागला की माझ्या वहीतले आकडे उलटे व्हायला लागतात. असं का होतं, हे आम्ही खूप दिवस टायरमध्ये शोधत होतो. ते सापडलं पाणंदीत. धाकटा लहानपणापासून रोज पहाटे रानातून डेअरीला दूध घालतो. आषाढात कृष्णाकाठच्या काळ्या रानातली पाणंद ज्यानं बघितलीय, त्याला जास्त सांगायला नको. दोन्ही बाजूंना भरलेल्या किटल्या आणि खाली राडच राड. ब्रेक दाबून धरला की चाक घसरतं आणि दूध सांडतं. मग त्याचं तोच शिकला की गिअर एक वरचा ठेवायचा, ॲक्सिलरेटर हळू पिळायचा, ब्रेक लवकर आणि हलका लावायचा, नजर पुढच्या चाकावर न ठेवता लांब टाकायची, आणि मागचं चाक थोडं इकडंतिकडं झालं तर त्याच्याशी भांडायचं नाही. मोठे प्रशिक्षक पैसे घेऊन हेच शिकवतात. टायरला जेवढी पकड असते तेवढ्यातच ब्रेक, वळण आणि वेग तिन्ही भागवायचे असतात. पावसात ती पकडच आटते, म्हणून एका वेळी एकच गोष्ट मागायची. थोरल्यानं हे धाकट्याकडून शिकून घेतलं, आणि त्याला त्यात कमीपणा वाटला नाही, याचा मला त्याच्या सगळ्या चषकांपेक्षा जास्त अभिमान आहे.

२. चिखल एकच नसतो. आमची काळी माती भिजली की चाकाला लाडवासारखी चिकटते. बटन टायरच्या गुट्ट्यांमधल्या फटी भरून जातात आणि टायर गुळगुळीत होतो. कोकणाकडची, गोव्याकडची जांभ्याची तांबडी माती तशी चिकटत नाही. वर पातळ साय आणि खाली कडक, त्यामुळे चाक रुततही नाही आणि थांबतही नाही. मुरमाच्या ट्रॅकवर पाणी झिरपून जातं आणि तासाभराच्या पावसानंतर तिथली पकड कोरड्यापेक्षा बरी असते. धूळ बसलेली असते ना! म्हणून नव्या ठिकाणी पोचलो की आधी दोघं रायडर बूट घालून अख्खा ट्रॅक चालतात, मूठभर माती उचलून चोळून बघतात. कुंडलच्या मैदानात पैलवान उतरतात, त्याआधी तांबडी माती चाळून, तिच्यात ताक, तेल, हळद, लिंबू घालून ती मुरवतात. ट्रॅकची माती आमच्यासाठी अशी कुणी तयार करत नाही, पण तिच्याशी ओळख करून घेतल्याशिवाय उतरायचं नाही ही शिस्त आम्ही तिथूनच घेतली.

३. चिखलातली शर्यत आदल्या रात्री होते. हे आम्हाला तात्यांनी शिकवलं. आयुष्य लेथवर गेलेला माणूस. किर्लोस्करवाडी १९१० साली उभी राहिली आणि तिच्यामुळं आमच्या आसपासच्या कित्येक घरांत मायक्रोमीटर वाचणारी माणसं तयार झाली, त्यांतले हे एक. तात्या रेस बघायला फारसे उत्सुक नसतात, पण आदल्या रात्री त्यांना झोप नसते. स्पार्क प्लगच्या टोपीत आणि वायरिंगच्या प्रत्येक जोडात ग्रीस. एअर बॉक्सच्या नको त्या फटींवर टेप. मात्र इंजिनाला श्वास पुरला पाहिजे, एवढं भान राखून. मडगार्डच्या आतल्या बाजूला सिलिकॉनचा स्प्रे, तो नसेल तर स्वयंपाकाचं तेल, म्हणजे चिखल धरत नाही. इंजिनाखालच्या प्लेटमध्ये स्पंज ठासून भरायचा, कारण रिकामी जागा ठेवली की तिथं चिखल बसतो आणि बघता बघता गाडी काही किलोंनी जड होते. चेन नेहमीपेक्षा थोडी सैल, कारण स्प्रॉकेटवर चिखल चढला की ती आपोआप ताणली जाते आणि तुटते. मागचं स्प्रॉकेट एक-दोन दात मोठं, म्हणजे ओढ जास्त आणि क्लचवर भार कमी. पाय ठेवायच्या पेगचे दात तात्या स्वतः कापतात. मधली जागा इतकी मोकळी की बुटाचा चिखल खाली गळून पडावा. एकदा दुसऱ्या टीमच्या मुलानं ते पेग बघून विचारलं, "काका, हे कुठं मिळतात?" तात्या म्हणाले, "मिळत न्हाईत. आण तुझं, करून देतो." आणि दिले करून. त्या मुलानं आम्हाला मागं टाकलं, तरी तात्यांचा चेहरा खुललेला होता.

दोन फेऱ्यांच्या मधल्या वेळेत गाडी धुवायला आम्ही अण्णांचा एचटीपी पंप नेतो, द्राक्षबागेला औषध मारायचा तोच. त्याचं प्रेशर जबरदस्त असतं, म्हणून चाकाच्या बेअरिंगवर, स्टिअरिंगच्या डोक्यावर आणि रेडिएटरच्या पत्र्यांवर धार धरायची नाही, हा गॅरेजच्या पोरानं घालून दिलेला नियम. त्याला रेसमधलं सगळ्यात कमी श्रेय मिळतं. दिवसभर तोच नखशिखान्त भिजलेला असतो.

४. दिसणं हा निम्मा वेग आहे. गॉगलवर पुढच्या गाडीच्या चाकाचा चिखल उडाला की रायडर आंधळा होतो. कोरड्यात काचेवर पातळ फिल्मचे थर लावतात आणि एकेक ओढून फेकतात. पावसात त्या थरांच्या मधे पाणी शिरतं आणि सगळंच धूसर होतं. मग रोल-ऑफ लावायचे, म्हणजे बाजूच्या डबीतून दोरी ओढली की काचेवरची फिल्म पुढं सरकते. तीही संपतेच. म्हणून सुरुवातीच्या सरळ पट्ट्यात कुणाच्या मागं नेमकं राहायचं नाही, थोडं बाजूनं जायचं, हे धाकट्यानं स्वतः शोधलं.

५. डांबरी ट्रॅकवर पाऊस पडला की चांगली जागा वाईट होते आणि वाईट जागा चांगली. मातीतून आलेल्या आम्हाला हे चेन्नईत पहिल्यांदा समजलं. श्रीपेरुंबुदूरजवळ इरुंगट्टुकोट्टईचा, पूर्वी मद्रास मोटर रेस ट्रॅक म्हणून ओळखला जाणारा ट्रॅक १९९० पासून आहे, लांबी सुमारे ३.७ किलोमीटर. कोरड्यात सगळे एकाच रेषेनं जातात, त्या रेषेवर टायरचं रबर बसतं, तेलाचे थेंब पडतात, ती चकचकीत होते. कोरड्यात तीच उत्तम. पहिला पाऊस पडला की नेमकी तीच सगळ्यात निसरडी. मग वळणाच्या बाहेरून, जिथं एरवी कुणी चाक नेत नाही त्या खरबरीत डांबरावरून जायचं. कडेच्या रंगवलेल्या पट्ट्यांना तर शिवायचंच नाही. आणि ट्रॅक सुकायला लागला की पावसाळी मऊ टायर तापून झिजतात, तेव्हा सरळ पट्ट्यात मुद्दाम ओल्या जागा शोधून त्यावरून गाडी न्यायची. सवयीची वाट सोडायला जे धैर्य लागतं, ते मला वेगापेक्षा मोठं वाटतं.

६. आभाळ वाचणं ही विद्या आहे आणि तीही जागेला बांधलेली असते. आमचे अण्णा द्राक्षवाले. छाटणीनंतर एक ढग चुकीच्या वेळी आला तर डाऊनी रोग घड कुजवतो, त्यामुळं त्यांचं सगळं जगणं अंदाजावर चालतं. आमच्याकडं पाऊसही विचित्र. एकाच जिल्ह्याच्या नकाशात मोठा फरक. पश्चिमेला शिराळ्याच्या डोंगरात धो धो आणि पूर्वेला आटपाडी-जतला पाचशे मिलिमीटरच्या आसपास, कुंडल मधेच कुठंतरी. कोल्हापुरात, पुण्यात अण्णांनी नाक वर केलं आणि "अर्ध्या तासात येतोय" म्हणाले, की आम्ही टायर बदलायला घ्यायचो आणि पाऊस यायचाच. चेन्नईत मात्र ते गप्प उभे राहिले. तिथला मोठा पाऊस ऑक्टोबरपासून ईशान्येकडून, बंगालच्या उपसागरावरून येतो. "हितलं आभाळ माझ्या वळखीचं न्हाई," म्हणाले आणि शेजारच्या चहावाल्याला खुणांनी विचारायला गेले. आयुष्यभराचं ज्ञान असलेला माणूस इतक्या सहज दुसऱ्याला विचारायला जातो, हे बघून मी वहीत काहीच लिहिलं नाही, नुसता बघत राहिलो.

टायरचा निर्णय आमच्यासारख्या क्लब टीमला फार जड जातो. मोटोजीपीत पाऊस आला तर रायडर पिटमध्ये येऊन पावसाळी टायर लावलेली दुसरी गाडीच घेतो. अशी गाडी बदलण्याची पहिली शर्यत २००६ साली ऑस्ट्रेलियात फिलिप आयलंडला झाली. आमच्याकडं गाडी एकच. सुरुवातीला जो टायर लावला तोच शेवटपर्यंत. म्हणून १५ ऑगस्ट २०२१ ची ऑस्ट्रियातली शर्यत आम्ही गॅरेजात मोबाइलवर पुन्हा पुन्हा बघतो. शेवटच्या काही फेऱ्या उरल्या असताना पाऊस वाढला, पुढचे रायडर गाडी बदलायला आत वळले आणि ब्रॅड बाइंडर कोरड्या ट्रॅकच्या गुळगुळीत टायरवर तसाच बाहेर राहिला. डगमगत, जवळजवळ चालत्या वेगानं वळणं काढत तो जिंकला. थोरला म्हणतो ते धाडस होतं. अण्णा म्हणतात तो हिशोब होता. मला अण्णांचं पटतं. आत जाऊन यायला किती सेकंद लागतील आणि बाहेर राहून किती जातील, हे त्यानं भिजत भिजत मांडलं.

७. पावसाला मोठं इंजिन ओळखता येत नाही. मुंबई-नवी मुंबईत जुलैच्या पावसात गल्फ मान्सून स्कूटर रॅली कित्येक वर्षं भरत आली. साध्या स्कूटर, खड्डे, चिखल आणि घड्याळ. नाशिकच्या शमीम खानसारखे राष्ट्रीय पातळीवरचे रायडर त्यात उतरले आणि त्यांच्याच मागून हौशी माणसंही. ताकद चाकापर्यंत पोचलीच नाही तर ती कितीही असून उपयोग काय? गॅरेजात पैसे उरले तर आधी टायर आणि सस्पेन्शन, इंजिनाचं काम सर्वांत शेवटी, असं आमचं ठरलेलं आहे.

८. न उतरण्याचा हक्क रायडरचाच. एका शर्यतीच्या आधी ट्रॅकवर तळं साचलं होतं आणि थोरला म्हणाला, "मला आज बरोबर वाटत नाही." पिकअपचं डिझेल, प्रवेश फी, रात्रभराचं काम, सगळं झालेलं. कुणी एक शब्द बोललं नाही. तात्यांनी हेल्मेट घेऊन पिशवीत ठेवलं आणि सगळ्यांना चहा सांगितला. धाकट्यानं विचारलं, "मी जाऊ का?" अण्णा म्हणाले, "तुझं तू बघ. दादा गेला नाही म्हणून जाऊ नको, आणि दादा गेला नाही म्हणून थांबूबी नको." तो गेला, सगळ्या फेऱ्या पूर्ण करून आला. तो कितवा आला हे मी इथं मुद्दाम लिहीत नाही. अशा दिवशी गाडी सरळ उभी राहून शेवटचा चौकड्यांचा झेंडा बघते, तोच निकाल.

थोरल्याच्या आईनं त्या रात्री मला फोन करून फक्त "बरं केलंत" एवढंच म्हटलं.

९. पावसात सगळ्यात जास्त वेळ उभा असतो तो मार्शल. रायडर पंधरा-वीस मिनिटांत आत येतो, आम्ही ताडपत्रीखाली असतो. वळणावरचा मार्शल सकाळपासून संध्याकाळपर्यंत झेंडे घेऊन तिथंच. पांढऱ्यावर लाल तिरपी फुली म्हणजे या भागात थेंब पडायला लागलेत. पिवळ्या-लाल पट्ट्यांचा म्हणजे पकड गेलीय. दोन्ही एकदम म्हणजे इथं पाऊस चालू आहे. लाल म्हणजे सगळं थांबवा. चिखलात पडलेला रायडर मागून येणाऱ्याला दिसत नाही. मार्शलनं पिवळा झेंडा एक सेकंद उशिरा हलवला तर काय होईल याचा विचार करवत नाही. आमचा धाकटा एकदा गाडीखाली अडकला होता, तेव्हा त्याला उचलणारा माणूस एका कॉलेजात शिकणारा मुलगा होता, त्याचं नावही आम्हाला विचारता आलं नाही. पुढची शर्यत चालू होती आणि तो परत आपल्या जागी पळाला.

सांगली-साताऱ्यातली पुष्कळ पोरं गाडीवेडी आहेत. गाडी शर्यतीत घालायला पैसे लागतात, परवाना लागतो, घरच्यांची मनं वळवावी लागतात. मार्शल व्हायला एक रेनकोट, आयोजकांकडचं थोडं प्रशिक्षण आणि दिवसभर उभं राहायची तयारी पुरते. पलूस-विटा रस्त्यावर ऊसगाड्यांच्या मधून गाडी पळवण्यापेक्षा तिथं या, वळणावर उभे राहा, चांगले रायडर ओल्यात गाडी कशी धरतात ते हाताच्या अंतरावरून बघा. तुमच्या जवळच्या शर्यतीच्या आयोजकांना आजच विचारा. पावसाळ्यात त्यांना माणसं कमीच पडतात.