काच वाळल्यावर

रेडिंग,
रविवार रात्र

चि. सोन्या,


तुझा मेसेज पोचला. दोन घरांतून फोन आले, काचांवर डाग राहिलेत म्हणतात, तर मामा, यातला कुठला ब्रश घेऊ, एवढंच लिहिलंस आणि खाली चार ब्रशांचे फोटो टाकलेस. मीही दोन ओळींत उत्तर दिलं असतं तर तू चारांतला सगळ्यात महाग ब्रश मागवून मोकळा झाला असतास. म्हणून जेवण झाल्यावर कागद घेऊन बसलोय. ताई म्हणते, तू माझं ऐकतोस. बघू.

अरे, ओली असताना कुठलीही काच स्वच्छच दिसते. आपण पोल खाली घेतो, होज गुंडाळतो आणि पुढच्या दारी जातो. काच वाळते ती आपण गेल्यावर, आणि गिऱ्हाईक बघतं ती वाळलेली काच. मी शिडीवर काम करायचो तेव्हा स्क्वीजीचं रबर फिरवलं की काच डोळ्यांसमोर कोरडी व्हायची, चुकलं तर तिथल्या तिथे कळायचं. पोलच्या कामात, म्हणजे खाली उभं राहून लांब दांड्यावरच्या ब्रशातून पाणी सोडत काच धुण्यात, ती सोय नाही. इथे काचेला फडकं लागतच नाही. ब्रश मळ सुटा करतो, पण तो घेऊन जातं पाणी. तुझे ते दोन फोन ब्रशपायी आलेले नाहीत, विसळण्यापायी आलेत. काचा न बघता सांगतोय, पण पैज लावतो.

चिपळूणला परसात भांड्यांचा ढीग पडला की राखेने घासायचं काम आम्हा पोरांकडे असायचं. विसळायला मात्र आई स्वतः बसायची, कुणाच्या हाती द्यायची नाही. तेव्हा वाटायचं, सोपं काम ही घेते. आता रोज दहा-बारा घरं करताना कळतं की ती काय करत होती.

पैजेआधी एक गोष्ट मात्र तपास. टाकीतल्या पाण्यात विरघळलेले क्षार मीटरवर किती दिसताहेत? माझ्याकडे नळाचं पाणी तीनशेच्या वर जातं, कारण या भागात जमिनीखाली खडूचा दगड आहे आणि तो विरघळून किटलीत, नळाच्या तोंडावर, सगळीकडे बसतो. तसलं पाणी काचेवर वाळलं की पांढरा ठिपका उरणारच. म्हणून मला आधी आरओचा फिल्टर आणि मग उरलेले क्षार काढायला रेझिन, असे दोन्ही लागतात. तू मँचेस्टरला, नशीबवान आहेस. तुमच्या शहराला १८९४ पासून लेक डिस्ट्रिक्टमधल्या थर्लमिअरचं पाणी येतं, जवळजवळ शंभर मैलांच्या कालव्यातून, आणि ते मऊ असतं. तुला सध्या आरओवर पैसे घालायची गरज नाही, नुसत्या रेझिनवर भागेल. पण त्याच मऊपणामुळे माणूस गाफील राहतो. रोज सकाळी मीटर बुडवायचा. शून्य उत्तम, पाच-सहापर्यंत मी चालवून घेतो, दहा दिसलं की रेझिन बदलायचं, ‘आजचा दिवस चालेल’ म्हणायचं नाही. आणि पाण्याला सुक्या बोंबलासारखा वास यायला लागला तर मीटरकडेही बघू नकोस, रेझिन संपलेलंच असतं. पहिल्यांदा तो वास आला तेव्हा मी व्हॅनमध्ये खरंच डबा शोधत होतो.

समज, पाणी शून्यावर आहे. तरी डाग पडले, तर काच वाचायला हवी.

अळूच्या पानावर पाणी टाकलं की काय होतं, आठवतं? मोती होऊन घरंगळतं, पान कोरडंच. आणि केळीचं पान जेवायला मांडताना पाणी शिंपडून पुसलं की ओल सगळीकडे सारखी पसरलेली दिसते. काचाही अशा दोन जातीच्या असतात. एकीवर पाण्याची सलग चादर धरते आणि ती वरून खाली निथळत येते. दुसरीवर पाणी फुटतं, थेंब थेंब होऊन जागच्या जागी चिकटून बसतं. धंद्यातले लोक पहिलीला हायड्रोफिलिक म्हणतात, दुसरीला हायड्रोफोबिक. मी चादरीची आणि अळूची म्हणतो. एकाच घराच्या दोन खिडक्याही वेगळ्या निघतात, काच बसवताना लावलेल्या सिलिकोनचा अंश राहिला तरी पुरतो. कॉन्झर्व्हेटरीला बरेचदा स्वतःहून साफ होणारी काच असते, ती पक्की चादरीची. तिच्यावर टायटॅनियम डायऑक्साइडचा पातळ थर असतो. पिल्किंग्टनने ती २००१ मध्ये बाजारात आणली, आणि ती कंपनी मूळची सेंट हेलेन्सची, तुझ्यापासून वीसेक मैलांवर. एखाद्या रिकाम्या रविवारी तिथलं काचेचं संग्रहालय बघून ये, कामाचं आहे.

चादरीच्या काचेवर ब्रश काचेला लावून ठेवूनच विसळता येतं. वरच्या कडेला ब्रश टेकवायचा, दाब काढून घ्यायचा आणि डावी-उजवी करत सावकाश खाली यायचं. चादर सगळं ओढून नेते. अळूच्या काचेवर हेच केलंस तर ब्रशचे केस थेंबांना नुसते इकडून तिकडे ढकलतात आणि त्यातला मळ तिथेच वाळतो. तिथे ब्रश काचेपासून वीतभर मागे घ्यायचा आणि वरच्या कडेपासून नुसत्या पाण्याने थेंब खाली हाकलत आणायचे. शेवटी काही थेंब राहतीलच. राहू देत. स्वच्छ काचेवरचा शुद्ध पाण्याचा थेंब वाळल्यावर काहीही मागे ठेवत नाही. नवखा माणूस त्या थेंबांना घाबरून परत ब्रश लावतो आणि केलेलं काम बिघडवतो. तू हेच करतोस, असा मला दाट संशय आहे.

आता खरा चोर. तो काचेवर नसतो, वरच्या चौकटीत असतो. मागच्या मंगळवारचीच गोष्ट. वरच्या मजल्यावरच्या बेडरूमची खिडकी घासली, विसळली, काच आरशासारखी. पोल खाली घेणार, तेवढ्यात वरच्या रबरी सीलच्या कोपऱ्यातून एक तपकिरी थेंब बाहेर आला. क्षणभर लटकला, मग काचेवरून सरळ रेघ ओढत खाली आला. त्यामागून दुसरा. सीलच्या मागे वर्षभराची धूळ, कोळ्याची घाण, शेवाळ साचलेलं असतं. आपण पाणी मारतो तेव्हा ते भिजतं आणि आपण निघाल्यावर सावकाश ठिबकत राहतं. तुझ्या गिऱ्हाइकांनी सांगितलेले डाग वरून खाली येणाऱ्या रेघांचे आहेत की ठिपक्यांचे, हे फोन करून विचार. रेघा असतील तर चोर सापडला.

यावर उपाय म्हणजे घाई न करणं. एका बाजूला तीन खिडक्या असतील तर आधी तिन्हींच्या वरच्या चौकटी घासून, पाणी मारून पुढे जायचं. तिसरी होईपर्यंत पहिलीची चौकट निथळून गेलेली असते. मग पहिलीपासून काचा धरायच्या. आणि चौकट झाल्यावर ब्रश हवेत धरून त्याचं स्वतःचं पाणी त्याच्यातूनच वाहू द्यायचं, काळं यायचं थांबेपर्यंत. चौकटीचा मळ केसांत घेऊन काचेवर गेलास तर तू काच धुत नाहीस, सारवतोस. नवीन गिऱ्हाइकाची पहिली धुलाई असेल तर सगळं दोनदा कर, दर त्याप्रमाणे सांग, आणि पुढच्या खेपेपर्यंत थोडं ठिबकेल हेही आधीच सांगून ठेव.

चौकटीवरून आठवलं. जुन्या पांढऱ्या यूपीव्हीसीला आधी बोट लावून बघ. बोटाला खडूसारखं पांढरं लागलं तर ते प्लास्टिक उन्हाने उठलंय. मी सुरुवातीला एका घराची वरची पट्टी अशीच झोकात घासली, खाली गडद निळं दार होतं. दुधाचा हंडा उलटल्यासारखं दिसत होतं ते दार. अर्धा दिवस तिथेच गेला, पैसे मागायचा धीर झाला नाही.

एवढं सगळं झाल्यावर ब्रश.

तुझ्या फोटोंतला पहिला मोनोफिलामेंटचा आहे, सरळ नायलॉनचे केस. तो खराटा समज. पक्ष्यांची विष्ठा, कोळ्याचे काळे ठिपके, वर्षानुवर्षं न धुतलेल्या काचा, सगळं खरवडून काढतो आणि मळ धरूनही ठेवत नाही. दुसरा फ्लॅग्डचा, त्याच्या केसांची टोकं फोडलेली असतात. कडुलिंबाची काडी चावल्यावर टोकाचे धागे होतात ना, तस्सं. ती टोकं पाणी धरून ठेवतात आणि काचेवर लोण्यासारखी फिरतात, पण चिकटलेल्या घाणीपुढे काही चालत नाही. तुझ्यासारख्याने, ज्याची निम्मी गिऱ्हाइकं नवी आहेत, फ्लॅग्ड घेऊन निघणं म्हणजे फुलझाडू घेऊन अंगण झाडायला जाणं. तिसरा डुकराच्या केसांचा. त्याची स्तुती ऐकशील आणि ती खोटी नाही. तेलकट काचेवर, स्वयंपाकघराच्या बाहेरच्या बाजूला, त्याच्यासारखा दुसरा नाही. पण तो पाणी पितो आणि जड होतो. हातात घेतलास तर काहीच वाटत नाही, तीस फुटांवर तोच ब्रश तुझ्या खांद्याला रडवतो. विटांवर घासला की झिजतोही लवकर. (माझ्याकडे एक आहे. आजीला ठाऊक नाही, तू सांगू नकोस.)

चौथा, आत कडक आणि बाहेर मऊ केसांचा, तो घे. चारांत तो महागही नाही. रुंदी बारा इंच पुरे. अठरा इंची ब्रश ऑफिसच्या मोठ्या काचांसाठी असतो. बारीक कप्प्यांच्या जॉर्जियन खिडकीवर तो घेऊन गेलास तर कोपरे राहतात आणि तू चिडतोस.

जेटचं विचारलं नाहीस, पण फोटोंतल्या एकाला चार जेट, म्हणजे पाणी सोडणाऱ्या तोट्या, आणि वर विसळायची रिन्स बार ही पट्टी दिसली म्हणून सांगतो. पेन्सिल जेट म्हणजे बारीक सरळ धार. चादरीच्या काचेला दोन पुरतात, पाणीही कमी जातं. अळूच्या काचेला पंख्यासारखी पसरणारी धार हवी, म्हणजे थेंबांना एका ओळीत खाली ढकलता येतं. पण फॅन जेटला जोर लागतो, नाहीतर पंखा उघडतच नाही, नुसता ओघळतो. पाणी दर दहा मीटर वर चढवलं की सुमारे एक बार दाब जातो. पोल सरळ उभा केलास की तीस फुटांवर जवळजवळ तेवढाच गेलेला असतो, वर बारीक नळी आणि चार जेट असतील तर तिथे पोचेपर्यंत धार मेलेली असते. म्हणून दोन फॅन जेट घे, कंट्रोलरवर प्रवाह वाढव, आणि रिन्स बारचा विचार पुढच्या वर्षी कर.

दोन-तीन गोष्टी घाईघाईत. खिडकी बंद आहे ना, हे खालून बघून चालत नाही, दार वाजवून विचार. ट्रिकल व्हेंटवर, म्हणजे चौकटीतल्या हवेच्या फटीवर, सरळ धार मारू नकोस. मी एकदा मारली आणि आतल्या खिडकीच्या फळीवर मांडलेले एका आजीबाईंच्या नातवंडांचे फोटो भिजवले. त्या काही बोलल्या नाहीत, हे जास्त लागलं. थंडीत फरशीवर सांडलेलं पाणी गोठतं, व्हॅनमध्ये मीठ ठेव. आणि वरून विजेची तार जात असेल त्या बाजूला पोल उभारूच नकोस. कार्बन फायबर वीज वाहतो, ओला ग्लास फायबरही भरवशाचा नाही. ती खिडकी राहिली तरी चालेल, बिलातून वजा कर.

काही जण सांगतील की २००५ च्या कायद्याने शिडीवर बंदीच आली. बंदी नाही, उंचीवरचं काम टाळता येत असेल तर आधी टाळा, असं तो म्हणतो. कुणाला मागची खिडकी शिडीवरूनच हवी असेल तर हो म्हणायची सक्ती तुझ्यावर नाही. मी दोनदा शिडीवरून घसरलोय, ताईला एकदाचंच माहीत आहे.

आता त्या दोन घरांचं. परवा सकाळी ऊन चढायच्या आत जा, फुकट धुऊन दे. असलेलाच ब्रश वापर, नवा घ्यायची वाट बघू नकोस. चौकटी आधी, मग काचा, मग सगळ्यात शेवटी खालची पट्टी. झालं की लगेच निघू नकोस. व्हॅनमध्ये बसून चहा पी, अर्धा तास काचा वाळताना बघ. कुठून थेंब येतो, किती वाजता येतो, सगळं दिसेल. मग मला फोन कर.

तुझा,
मामा

ता. क. माझ्याकडे फॅन जेटची एक जादा जोडी पडून आहे, उद्या पोस्टात टाकतो. ब्रशच्या भोकाला बसली नाही तर कानशीने घासू नकोस, परत पाठव.