गिऱ्हाईक जर्मनीचं, कारखाना भवानी पेठेतला

"पोरगी बी.कॉम. करते म्हणाली, ठीक आहे. आता म्हणते जर्मन शिकायचं, एक्स्पोर्टमध्ये जायचं. परदेशी लोकांच्या रीतीभाती शिकून पोट भरतं का, सर?" सोलापूरच्या भवानी पेठेतले एक यंत्रमागवाले पालक हे विचारत होते. प्रश्न रास्त आहे आणि उत्तरही सरळ आहे. भरतं, पण नुसत्या रीतीभाती शिकून नाही. त्याला व्यापाराच्या कागदपत्रांची आणि एका परकी भाषेची जोड लागते. ही जोड असेल, तर दुसऱ्या समाजाची माणसं ओळखता येणं हा कामाचा गुण ठरतो.

सोलापूरच्या मुलांच्या बाबतीत या गुणाची सुरुवात घरातच झालेली असते. भवानी पेठेत एका घरात तेलुगू, शेजारी कन्नड, पलीकडे उर्दू आणि रस्त्यावर मराठी. शाळाही या चारही माध्यमांच्या. नारळी पौर्णिमेला मार्कंडेय महामुनींचा रथ निघतो, संक्रांतीला सिद्धेश्वरांची गड्ड्याची यात्रा भरते, मग रमजान येतो. कोणत्या दिवशी कोणता कामगार मागावर नसणार, हे कारखानदाराला कॅलेंडर न बघता माहीत असतं. पण हे सगळं अंगवळणी पडलेलं असल्यामुळे आपण काही शिकलोय, असं मुलांना वाटतच नाही. अंगवळणी पडलेली गोष्ट जाणीवपूर्वक वापरायला शिकणं, एवढंच पुढचं काम आहे.

एका विद्यार्थिनीचा अनुभव

वरच्या पालकांच्याच मुलीचं उदाहरण घेऊ. वडिलांचे माग, आई विड्या वळणारी, घरात तेलुगू. कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला असताना ती टेरी टॉवेलच्या एका निर्यातदाराकडे उमेदवारीला लागली. पहिल्याच आठवड्यात जर्मन खरेदीदाराची मेल आली. नमस्कार-चमत्कार नाही, तीन ओळी: टॉवेलचं वजन (जीएसएम) किती, रंग धुतल्यावर टिकेल का, माल कोणत्या तारखेला निघेल. ऑफिसात सगळ्यांना वाटलं, साहेब चिडलाय. तो चिडला नव्हता. त्याच्याकडे कामाची मेल अशीच लिहितात.

उत्तर काय गेलं? "होऊन जाईल, काळजी नसावी." आपल्याकडे या वाक्याने समोरच्याला धीर येतो. त्याला मात्र त्यात तारीख दिसली नाही, म्हणून त्याने तोच प्रश्न पुन्हा विचारला. तेव्हा मुलीने मालकांची परवानगी घेऊन नवं उत्तर लिहिलं: रथोत्सवामुळे अमुक दोन दिवस माग बंद, अमुक तारखेला पॅकिंग, अमुक तारखेला कंटेनर न्हावा शेवाला. मालक कुरकुरले, "आपली अडचण आपणच आधी कशाला सांगायची?" पण खरेदीदाराचं उत्तर तासाभरात आलं: चालेल.

पुढे ऑगस्टमध्ये तोच खरेदीदार गप्प झाला. ऑर्डर गेली, असं धरून मालक दुसऱ्या गिऱ्हाइकाच्या मागे लागणार होते. मुलीने जुन्या मेल चाळल्या, तर रजेच्या तारखा त्याने जूनमध्येच कळवलेल्या होत्या. उन्हाळ्यात सलग दोन-तीन आठवडे रजा घेणं तिकडे नेहमीचं आहे. रथोत्सवाला आपले माग बंद, तसं त्याचं टेबल बंद.

या मुलीने एक साधी वही ठेवली आहे. कुणी काय म्हटलं, आपल्याला काय वाटलं, नंतर काय निघालं, असे तीन रकाने. वर्षभराने ही वही कोणत्याही प्रमाणपत्राइतकी बोलकी होते.

पुस्तकातलं आणि बाजारातलं

या विषयाचा रीतसर अभ्यासही आहे. एडवर्ड हॉल या अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञाने 1976 मध्ये मांडलं, की काही समाजांत बरंचसं न बोलता समजून घेतात, तर काहींत सगळं शब्दांत सांगावं लागतं. डच संशोधक हेर्ट हॉफस्टेड यांनी आयबीएमच्या अनेक देशांतल्या कर्मचाऱ्यांच्या प्रश्नावल्या तपासून 1980 मध्ये देशोदेशींच्या कामाच्या संस्कृतीची तुलना केली. वरिष्ठाला तोंडावर 'नाही' म्हणता येतं का, अनिश्चितता किती सोसते, असे मुद्दे त्यात आहेत. एमबीएला हे हमखास शिकवतात. पण ही सरासरी आहे. समोरचा माणूस सरासरीप्रमाणेच वागेल, असं धरून चालू नका. तेलुगू माणूस असाच, कन्नड माणूस तसाच, असं पेठेत कुणी म्हटलं तर आपण हसतो. तेच भान जर्मन आणि जपानी माणसाबद्दलही ठेवा.

साध्या गोष्टी मात्र चुकू नयेत. अमेरिकन माणूस 03/04 म्हणजे 4 मार्च वाचतो, आपण 3 एप्रिल. म्हणून महिन्याचं नाव अक्षरांत लिहावं. सौदी अरेबियात आठवड्याची सुट्टी शुक्रवार-शनिवार, तर संयुक्त अरब अमिरातीत 2022 पासून ती शनिवार-रविवार झाली आणि शुक्रवारी सरकारी कचेऱ्या अर्धा दिवस असतात. आखातातली गिऱ्हाइकं सगळी सारखी धरली, की चूक झालीच.

सोलापूरचाच दाखला

या गुणाची सगळ्यात मोठी कसोटी देणारा माणूस सोलापूरचाच. डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांचा जन्म इथे 1910 मध्ये झाला. 1938 मध्ये पाच भारतीय डॉक्टरांच्या पथकातून ते चीनला गेले. तिथे ते चिनी भाषा शिकले, तिच्यातून विद्यार्थ्यांना वैद्यक शिकवलं आणि कॅनडाचे डॉ. बेथून यांच्या नावाच्या रुग्णालयाचे प्रमुख झाले. 1942 मध्ये वयाच्या 32व्या वर्षी ते तिथेच वारले. पदवी त्यांनी मुंबईत घेतली होती. पण ज्यांच्यात काम करायचं त्यांची भाषा शिकले, म्हणून त्या पदवीचा तिथे एवढा उपयोग झाला.

काय शिकायचं, कुठे

• पदवी: बी.कॉम., बीबीए किंवा टेक्सटाइल. बी.कॉम. आणि बीबीए सोलापुरातच करता येतं, त्यासाठी घर सोडायची गरज नाही.
• भाषा: पहिल्या वर्षापासून एकच धरा. जर्मनच्या पातळ्या ए1 ते सी2, जपानीच्या एन5 ते एन1. ए1 किंवा एन5 वर नोकरीची आशा धरू नका. बी2 किंवा एन3 पासून खरी किंमत येते. पुण्यात गोएथे इन्स्टिट्यूटचं मॅक्स म्युलर भवन आणि विद्यापीठाचा रानडे इन्स्टिट्यूटमधला परकीय भाषा विभाग आहे, हैदराबादला इफ्लू हे केंद्रीय विद्यापीठ.
• कागदपत्रं: इन्व्हॉइस, पॅकिंग लिस्ट, बिल ऑफ लेडिंग, लेटर ऑफ क्रेडिट. निर्यातदाराकडे किंवा कस्टम्स ब्रोकरकडे सुट्टीत बसून शिका.
• पुढे: आंतरराष्ट्रीय व्यापारातलं एमबीए. आयआयएफटीचं नाव यात मोठं आहे, स्पर्धाही तशीच.

पालकांसाठी दोन शब्द

सुरुवात डॉक्युमेंटेशन असिस्टंट किंवा ज्युनिअर मर्चंडायझर म्हणून होते आणि सुरुवातीचा पगार बेताचाच असतो. भाषा आणि अनुभव वाढेल तसा तो वाढतो, त्यासाठी तीन-चार वर्षांचा धीर हवा. परदेशी नोकरीची हमी देऊन आगाऊ पैसे मागणाऱ्या एजंटाला दारात उभं करू नका. परदेशी भरती करणाऱ्या एजंटाची 1983 च्या उत्प्रवास कायद्याखाली नोंदणी लागते. ती सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर तपासता येते.

आणि घरातली तेलुगू, कन्नड किंवा उर्दू "मार्कांच्या कामाची नाही" म्हणून मुलांच्या तोंडून काढून घेऊ नका. चौथी-पाचवी भाषा शिकायची ताकद मुलांना त्यातूनच मिळते. या सुट्टीत क्लासची फी भरण्याआधी मुलाला ओळखीच्या निर्यातदाराच्या ऑफिसात महिनाभर बसवा. त्याला ते काम आवडलं, तरच भाषेच्या क्लासचे पैसे भरा.