लोणारचे सरोवर

बुलढाणा जिल्ह्यापासून समुद्र फार दूर आहे. परंतु खाऱ्या पाण्याचा काठ पाहावयाचा असेल, तर लोणारला जावे. गावाजवळ जमीन एकाएकी खोल जाते आणि सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचा एक वाटोळा खळगा नजरेस पडतो. तळाशी हिरवट पाणी पसरलेले असते. फार प्राचीन काळी आकाशातून आलेला एक अशनी येथील काळ्या खडकावर आदळला व हे विवर निर्माण झाले.

विवराच्या कडेवर ‘धार’ नावाचा झरा आहे. त्याचे पाणी गोड. सरोवराचे मात्र खारे! असे का व्हावे? सरोवरात पाणी येते, पण बाहेर वाहून जाण्यास त्याला वाट नाही. उन्हाने पाण्याची वाफ होते आणि क्षार मागे उरतात. जून २०२० मध्ये हा खारटपणा फार वाढला व त्यात वाढणाऱ्या सूक्ष्म जीवांमुळे सारे पाणी गुलाबी दिसू लागले.

मुलांनो, या सहलीस फारसा खर्च येत नाही. शिदोरी, पाणी व एक वही जवळ असली म्हणजे पुरे. कडेवरून सरोवर न्याहाळावे, झाडीतील पक्ष्यांचे आवाज ऐकावेत, गावातील दैत्यसूदन मंदिराचे कोरीव काम पाहावे.

२०२० मध्ये या सरोवराची जागतिक महत्त्वाच्या रामसर पाणथळ स्थळांत गणना झाली. त्याचे रक्षण करणे आपल्या हाती आहे. जेथून पाण्यालाही बाहेर वाट नाही, तेथे टाकलेला कचरा कोठे जाणार?