शिकारीचे मांस : गोठविणे व वितळविणे

गोठविल्याने मांस टिकते. परंतु निर्जंतुक होत नाही. अलास्कातील अस्वलाचे मांस हे याचे उत्तम उदाहरण होय. असे मांस लहान तुकडे करून, हवा लागणार नाही असे गुंडाळून उणे १८ अंश सेल्सिअसला गोठवावे. लवकर गोठल्यास बर्फाचे स्फटिक बारीक राहतात व स्नायुतंतू कमी फाटतात. वितळविताना ते रेफ्रिजरेटरमध्येच ठेवावे. बाहेर ठेवल्यास गाभा गोठलेला असतानाच पृष्ठभागावरील सुप्त जीवाणू वाढू लागतात. डुकराच्या मांसातील ट्रिकिनेला हा सूत्रकृमी, तुकडा १५ सेंटिमीटरांहून कमी जाड असल्यास, उणे १५ अंशांवर २० दिवसांत मरतो. अस्वलाच्या मांसातील त्याची उत्तर ध्रुवीय जाती मात्र गोठवूनही जिवंत राहू शकते. म्हणून गाभ्याचे तापमान ७४ अंश होईपर्यंत मांस शिजविणे अत्यावश्यक आहे.