डाग आहे, पण केवढा?

जावईबुवांच्या रिपोर्टात ‘स्कार’ वाचलंस आणि पहिला प्रश्न केलास, “ताई, किती वर्षं?” अगं, एका माणसाची वर्षं कोणी छातीठोक सांगू शकत नाही. सांगणारा भेटला तर त्याच्या नादी लागू नकोस.

हार्ट अटॅकमध्ये रक्त न मिळालेला हृदयाचा स्नायू मरतो. दीड-दोन महिन्यांत तिथे घट्ट व्रण धरतो, तोच हा ‘स्कार’. तो आकुंचत नाही आणि जातही नाही. उरलेलं हृदय किती जोर लावतं, यावर पुढचं सगळं.

इकोच्या कागदावर ‘ईएफ’ बघ, म्हणजे दर ठोक्याला हृदय आतलं किती टक्के रक्त बाहेर ढकलतं ते. ५५ ते ७० टक्के म्हणजे चांगलं, ४०च्या खाली म्हणजे हृदय अशक्त. पण अटॅकच्या आठवड्यातल्या इकोवर रडत बसू नकोस. काही स्नायू नुसता बधिर झालेला असतो, तो हळूहळू कामाला लागतो. औषधं नीट घेऊन तीनेक महिन्यांनी इको परत करा. तरीही ईएफ ३५ किंवा त्याहून कमी आला, तर आयसीडीचा विषय तूच काढ. व्रणामुळे ठोके भलतेच बिघडले की ते यंत्र आतून झटका देऊन ताळ्यावर आणतं. फुले जन आरोग्य योजनेत काय बसतं, ते दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला विचार. लाजू नकोस.

व्रण लहान आणि ईएफ पन्नाशीच्या वर असलेली माणसं पुढे कितीतरी वर्षं शेती-संसार करतात. व्रण मोठा, त्यात शुगर, किडनी कमजोर, तर वाट अवघड. ते तुझ्यापासून लपवणार नाही. पण आजच्या औषधांनी अशा हृदयाचंही आयुष्य वाढतं.

आपल्या वाशिम-रिसोडकडे घात होतो तो वेगळाच. सोयाबीनची सोंगणी लागली, दम लागेना झाला, की “बरा झालो” म्हणून गोळ्या बंद! कंबर धरली की मेडिकलवरून दुखण्याची गोळी. ती अशक्त हृदयाच्या माणसाच्या अंगात पाणी साठवते. डॉक्टरांना विचारल्याशिवाय एक गोळी बंद नाही, एक नवी नाही.

रोज सकाळी वजन कर. दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढलं किंवा पाय सुजले, तर पुढच्या तारखेची वाट पाहू नकोस. लोणचं-पापड ताटातून काढ.

आणि त्यांच्या खिशातली तंबाखूच्या खर्ऱ्याची पुडी आजच चुलीत टाक. संध्याकाळी फोन करून विचारणार आहे मी.