झडपेखालचा तडा

(जुन्या मोटारीच्या इंजिनाला गेलेला तडा कारागीर कसा दुरुस्त करतात, याची माहिती या पाठात दिली आहे.)

अमेरिकेत हेन्री फोर्ड यांच्या कारखान्याने १९०८ साली 'मॉडेल टी' ही मोटार बाजारात आणली. १९२७ पर्यंत अशा दीड कोटी मोटारी तयार झाल्या. त्यांतील काही मोटारी हौशी लोकांनी अजूनही चालत्या ठेवल्या आहेत. पण एवढ्या जुन्या इंजिनात पुष्कळदा एक दोष आढळतो. झडपेच्या बैठकीला तडा गेलेला असतो.

बैठक म्हणजे काय? सिलिंडरमध्ये पेट्रोल आणि हवा यांचे मिश्रण जळते. मिश्रण आत घेणारी एक आणि जळालेला वायू बाहेर सोडणारी एक, अशा प्रत्येक सिलिंडरला दोन झडपा असतात. कारागीर त्यांना व्हॉल्व्ह म्हणतात. झडप मिटताना तिची कड ज्या गोल काठावर टेकते, तो काठ म्हणजे बैठक, अर्थात 'सीट'. या मोटारीत ही बैठक इंजिनाच्या बिडाच्या ब्लॉकमध्येच कोरलेली असते. इंजिनाने मिनिटाला हजार फेरे घेतले, तर प्रत्येक झडप त्या मिनिटात पाचशे वेळा बैठकीवर आपटते.

आता तडा का जातो ते पाहा. बैठकीच्या एका बाजूला आग असते, तर दुसऱ्या बाजूला इंजिन थंड ठेवणारे पाणी खेळते. पाणी कमी झाले की बीड फार तापते. तापलेल्या इंजिनात कोणी एकदम गार पाणी ओतले, तर ते अचानक आकसते आणि तडकते. तडा पाण्यापर्यंत पोहोचला की पाणी सिलिंडरमध्ये शिरते. झडप नीट मिटत नाही आणि इंजिनाची ताकद घटते.

मग सरळ वेल्डिंग का करू नये? कारण बीड ठिसूळ असते. एकाच जागी तापवले, तर शेजारी नवा तडा जातो. म्हणून जाणता कारागीर ब्लॉकला 'टाके' घालतो. तो तड्याच्या टोकाला भोक पाडतो, म्हणजे तडा पुढे सरकत नाही. भोकात आटे पाडून त्यात बिडाचा आट्यांचा खिळा घट्ट बसवतो व वरचा भाग कापून टाकतो. पुढचे भोक आधीच्या खिळ्याचा थोडा भाग कापूनच पाडतो. असे एकात एक अडकलेले खिळे सगळा तडा भरून काढतात.

त्यानंतर जुनी बैठक कापून तिथे गोल खाच करतात. इथे फार जपावे लागते. खाच जास्त खोल गेली, तर खालच्या पाण्याच्या पोकळीला भोक पडते आणि शंभर वर्षांचा ब्लॉक वाया जातो. खाचेत बसवायचे कडे खाचेपेक्षा किंचित मोठे असते. ते सुक्या बर्फात ठेवतात. त्याचे तापमान शून्याखाली सुमारे ७८ अंश सेल्सिअस असते. थंडीने कडे आकसते आणि खाचेत बसते. पुन्हा गरम झाले की ते फुगून पक्के होते.

शेवटी कड्याला ४५ अंशांचा उतार देतात आणि बारीक पेस्ट लावून झडप त्यावर घासतात. दोन्हींवर अखंड करडी रेघ उमटली, की झडप बरोबर बसली असे समजावे. रेघ कुठे तुटली असेल, तर काम अपुरे आहे. ब्लॉकमध्ये दाबाने हवा भरून गळती तपासल्याशिवाय कारागीर इंजिन जोडत नाही.

तडा सिलिंडरच्या भिंतीत खोल उतरला असेल, तर टाके पुरत नाहीत. आत नवी नळी बसवावी लागते. म्हणून हत्यार हाती घेण्यापूर्वी तडा कुठून कुठवर गेला आहे, हे शोधणे हीच दुरुस्तीची पहिली पायरी होय.

शब्दार्थ
तडा – दरार, भेग
बीड – ओतीव लोखंड
ठिसूळ – चटकन तुटणारे
आटे – स्क्रूवर असतात तशा गोल फिरत जाणाऱ्या खाचा
अखंड – न तुटलेली

स्वाध्याय
१. झडपेची बैठक कशाला म्हणतात?
२. बिडाच्या ब्लॉकला वेल्डिंग का करत नाहीत?
३. कडे सुक्या बर्फात का ठेवतात?
४. अनेकवचन लिहा : झडप, तडा, खिळा, रेघ.
५. 'वाया जाणे' हा वाक्प्रचार वापरून वाक्य तयार करा.