आधी खोडायला शिक

अगं, ‘ए.आर.ई.’च्या, म्हणजे अमेरिकेतल्या आर्किटेक्टच्या परवाना परीक्षेच्या सरावात जुन्या इमारतीला वाढीव भाग कुठे जोडायचा, हा प्रश्न आला की तू अडतेस ना? घाबरू नकोस. डिझाइन तुला छान येतं आणि नेमकं तेच इथे आडवं येतं. साइट प्लॅन दिसला की आपला हात लगेच मोकळ्या जागेकडे जातो. परवाना परीक्षेत मात्र मोकळी जागा वेगळी आणि बांधता येईल अशी जागा वेगळी. म्हणून आधी खोडायचं, मग मांडायचं.

चल, एक प्रश्न दोघी मिळून सोडवू. समज, मिनियापोलिसमधलं एकमजली ग्रंथालय आहे आणि त्याला नवा वाचनकक्ष जोडायचाय. पूर्वेला सपाट, ऐसपैस हिरवळ. उत्तरेला ओढ्याकडे जाणारा उतार. पश्चिमेला मालाच्या गाड्यांचं आवार आणि फायर लेन. दक्षिणेला रस्त्यापर्यंत बेताचीच जागा, कोपऱ्यात जुना मेपल.

हिरवळ मोहात पाडते. पण नीट बघ, तिच्यामधून एक तुटक रेष गेलीय आणि शेजारी बारीक अक्षरात ‘सुअर ईझमेंट’ लिहिलंय. खालून सांडपाण्याची वाहिनी जाते. दुरुस्तीसाठी ती पट्टी मोकळीच ठेवावी लागते, म्हणून पूर्व बाद. उत्तरेला कॉन्टूर एकमेकांना खेटून आहेत, म्हणजे उतार तीव्र. शिवाय ओढ्याकाठचा फ्लडप्लेन, म्हणजे कुठल्याही वर्षी पूर येण्याची शक्यता १ टक्का धरलेला भाग. तीही बाद. पश्चिमेला बांधलंस तर अग्निशामक बंबाची वाट अडते. खोड.

उरली दक्षिण. इथे आपण बिचकतो, कारण पुण्या-मुंबईत शिकताना दक्षिण-पश्चिमेचं ऊन टाळायचीच सवय लागलेली असते. पण २१ डिसेंबरला भर दुपारी पुण्यात सूर्य क्षितिजापासून साधारण ४८ अंश वर असतो, मिनियापोलिसला जेमतेम २२. तिथल्या कडाक्याच्या थंडीत हे तिरपं ऊन दक्षिणेच्या खिडकीतून खोलवर आत येतं आणि वाचत बसलेल्या माणसाला ते हवंच असतं. थंडीतला बोचरा वारा बहुतेक वायव्येकडून येतो, त्याला जुनी इमारतच आडोसा देते. तेव्हा दिशांचे नियम पाठ करू नकोस. गाव कोणतं आणि उत्तरेचा बाण कुठे वळलाय, हे प्रत्येक वेळी आधी बघ.

जागा ठरली म्हणून थांबायचं नाही. सेटबॅकच्या, म्हणजे हद्दीपासून मोकळ्या सोडायच्या अंतराच्या रेषेपर्यंत किती फूट मिळतात ते मोज. मेपलच्या फांद्यांच्या घेराखाली पाया नेऊ नकोस, मुळं दुखावतात. जुनी फरशी १०२ फूट पातळीवर असेल तर नवीही तिथेच ठेव, म्हणजे दारात पायरी येणार नाही. पार्किंग १०० फुटांवर असेल, तर तो २ फुटांचा चढ चढायला निदान ४० फूट लांबीची वाट लागेल. १:२० पेक्षा जास्त चढ झाला की ती वाट रॅम्प ठरते आणि रॅम्पचे सगळे नियम लागू होतात. आणि हो, मध्ये फायर वॉल नसेल तर जुनं-नवं मिळून एकच इमारत धरतात. अनुज्ञेय क्षेत्रफळ त्या एकूण आकड्यावरच तपासायचं.

हे सगळं फक्त गुणांसाठी नाही गं. व्हीलचेअरवरून येणाऱ्या आजोबांना पुढच्या दारानेच आत जाता यावं, आग लागली तर बंब वेळेत पोचावा, याची जबाबदारी परवाना हातात आला की तुझी असते. परीक्षा तेच तपासते.

आज एक काम कर. सरावाचा कुठलाही साइट प्लॅन छापून घे आणि पर्याय झाकून ठेव. लाल पेन्सिलीने ईझमेंट, सेटबॅक, फ्लडप्लेन, तीव्र उतार, फायर लेन, झाडांचे घेर असं एकेक रेघा मारून बाद कर. मग उरलेल्या जागेत ऊन, वारा आणि पातळी बघ, आणि त्यानंतरच पर्याय उघड. एखाद्या पर्यायावर बोट ठेवताना बाकीचे का नाहीत, हे तुला सांगता आलं पाहिजे. ते जमलं की तुझी तयारी झाली. अडलीस तर फोन कर, वेळकाळ बघू नकोस.